दोस्तोएव्हस्की, मिरगी आणि रात्रीचे जागरण

'क्राइम अँड पनिशमेंट' लिहिणारे रशियन लेखक फ्योदोर दोस्तोएव्हस्की यांना मिरगी, म्हणजेच अपस्मार होता. त्यांचा जन्म १८२१ मध्ये मॉस्कोत झाला. १८४९ मध्ये सरकारविरोधी गटात असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. मृत्युदंडासाठी मैदानात उभे केल्यावर ऐनवेळी शिक्षा बदलली आणि त्यांनी सायबेरियात चार वर्षे सक्तमजुरी भोगली. १८५७ मध्ये डॉक्टरांनी अपस्माराचे निदान केले.

ते रात्री लिहीत, कडक चहा घेत पहाटेपर्यंत जागत. झटका आला की तारीख वहीत टिपत. बरेच झटके रात्री, झोपेत येत आणि नंतर कित्येक दिवस मन खिन्न राही. १८७८ मध्ये त्यांचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा लांबलेल्या झटक्याने गेला. १८८१ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, फुफ्फुसातील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

जागरणामुळे त्यांना मिरगी झाली, असे म्हणता येत नाही. पण मिरगी असलेल्याला जागरण झटक्याकडे ढकलू शकते.

झोप आणि मेंदू

स्वप्ने प्रामुख्याने 'रेम' झोपेत पडतात. ही झोप पहाटेकडे जास्त असते, म्हणून लवकर उठवले की तीच आधी कमी होते. एरवी जागेपणी नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडणाऱ्या पेशी या वेळी शांत असतात. ही झोप मोडली तर त्यांना विसावा मिळत नाही, नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढते आणि मेंदूच्या पेशी लवकर उत्तेजित होतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात उंदरांवरील प्रयोगांतून यावर बरेच काम झाले आहे.

घरच्यांनी काय करावे?

आमच्या अल्लीपूर भागात रात्रीच्या विजेवर ओलित करावे लागते, रानडुकरांमुळे जागलीला जावे लागते. मिरगी असलेल्या माणसाची ही पाळी घरातल्या दुसऱ्याने घ्यावी. विहिरीकाठी एकट्याला झटका आला तर जीव जाऊ शकतो. एखादे जागरण टळलेच नाही, तरी गोळी चुकवू नका आणि दुसऱ्या दिवशी पुरेशी झोप घेऊ द्या.

झटका आल्यास कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर लगेच दवाखान्यात न्या. आणि दोस्तोएव्हस्कींसारखी तारखांची वही ठेवा. आदल्या रात्री किती झोप झाली, तेही त्यात लिहा. औषध ठरवताना डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.