मलिक अंबर : गुलामीतून उभा राहिलेला सेनानी

मालवणच्या समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग आपल्या नित्य पाहण्यातला आहे. जंजिऱ्याचा सिद्दी आणि परकीय सत्ता यांना आवर घालण्यासाठी शिवछत्रपतींनी १६६४ साली त्याची उभारणी सुरू केली. त्यामुळे सिद्दी अथवा हबशी म्हटले की आपल्या किनाऱ्यावर शत्रूच आठवतो. परंतु महाराजांचे पिता शहाजीराजे तरुणपणी ज्याच्या सैन्यात लढले, तो सेनानीही हबशीच होता. त्या मलिक अंबरचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात तो बगदादला पोहोचला. अंबर हे नावही त्याला मालकानेच दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवा स्वतः पूर्वाश्रमीचा हबशी गुलाम होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले.

मुक्ती मिळाली, पण पाठीशी ना गोत होते, ना जमीन. सुमारे वीस वर्षे त्याने विजापूरकरांची चाकरी केली व तेथेच 'मलिक' हा किताब मिळवला. १५९५ च्या सुमारास दीडशे स्वारांनिशी तो निजामशाहीत परतला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा अंबरने राजघराण्यातील मुर्तजाला परांड्यास गादीवर बसवले आणि हबशी व मराठे यांना एकत्र करून पाव शतक मोगलांना थोपवून धरले. १६२४ साली भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली व मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला.

त्याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. तेथे त्याने बांधलेल्या भूमिगत नहरीने तीन शतकांहून अधिक काळ शहराची तहान भागवली. जमिनीचा कस व पीक पाहून त्याने शेतसारा ठरवला. १६२६ साली तो निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. ज्यांच्याशी तो आयुष्यभर लढला, त्या मोगलांच्या इतिहासकारानेही त्याच्या युद्धकौशल्याचा गौरव केला.

अंबरने आपल्या हजारो हबशी बांधवांना शस्त्र, वेतन व मान दिला. मात्र गुलामांचा बाजार त्याने बंद केला नाही. त्याच बाजारातून तो सैनिक विकत घेत राहिला. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आणि आपणही आपल्याकडे पाहिले पाहिजे. त्याच काळात शेजारच्या गोव्यात, ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या राज्यात, आफ्रिकी माणसे विकली जात होती. छळाला कंटाळून त्यांतील अनेकजण उत्तर कन्नडच्या जंगलात पळाले. हल्याळ व यल्लापूर परिसरात आज सिद्दी समाज राहतो. त्यांतील कित्येक कुटुंबे आपल्याच श्रद्धेची आहेत. ही माणसे भेटतील, तेव्हा वर्ण पाहून कुतूहलाने वळून पाहू नये. भाऊ व बहीण म्हणून त्यांना आपल्या बाकावर जागा द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.