डॉ. आनंदीबाई जोशी : कलकत्ता ते न्यूयॉर्क

बुलढाण्याहून मलकापूर स्टेशन गाठावयाचे म्हटले तरी आम्हांस तो लांबचा प्रवास वाटतो; आणि आता मुंबईहून न्यूयॉर्क हे सुमारे 12,500 किलोमीटरांचे अंतर विमान सोळा-सतरा तासांत तोडते. परंतु आगबोटीच्या काळी अठरा वर्षांच्या एका महाराष्ट्रीय मुलीस कलकत्त्याहून न्यूयॉर्क गाठण्यास अठ्ठावन्न दिवस लागले. तिचे अल्प चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने बरेच मोठे व स्वभावाने हट्टी; पण पत्नीस शिकविण्याचा त्यांचा निर्धार विलक्षण होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला, तो दहा दिवसच जगला. त्या दुःखातून वैद्यकी शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला.

अमेरिकेत साहाय्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांस पत्र लिहिले. त्यांनी ते आपल्या मासिकात छापिले. परंतु उत्तरात ख्रिस्ती होण्याची अपेक्षा दर्शविली. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहो, म्हणूनच हे झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. दानास अट जोडली की दोन मनांतील अंतर सागराहूनही वाढते. सुदैवाने तेच पत्र न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. त्याही ख्रिस्तीच, त्यांनी कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार उघडले.

स्वकीयांचा रोष होताच. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी सभेपुढे आपला हेतू सांगितला व आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निक्षून कळविले. 7 एप्रिलला पतीस मागे ठेवून त्या कलकत्त्याहून निघाल्या. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. 4 जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात थंडी व आजार सोसून त्यांनी अभ्यास पुरा केला. 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारिला होता, आनंदीबाईंनी आपला राखिला होता. तथापि त्या दिवशीचा आनंद दोघींचा एकच होता.

कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने जर्जर झालेल्या आनंदीबाई स्वदेशी आल्या त्या केवळ अखेरच्या मुक्कामास. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या अस्थींनी पुनः एकदा सागर ओलांडिला. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत, त्या ठेविल्या. तेथे त्या आजही आहेत. बालमित्रहो, दोन शहरांतील अंतर आता तासांवर आले आहे. दोन माणसांतील अंतर मात्र आजही त्या माउलीप्रमाणे विनाअट दार उघडूनच तुटते, हे विसरू नका.