विश्लेषण : हातातील रक्त रोखून भूल देणारे डॉ. ऑगस्ट बीअर कोण होते? ‘बीअर ब्लॉक’ म्हणजे काय?

मनगटाचे मोडलेले हाड बसवायचे असेल, तर रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करावेच लागते असे नाही. फक्त हात बधिर करूनही काम होते. त्याची एक पद्धत आजही ‘बीअर ब्लॉक’ म्हणून ओळखली जाते. हे नाव जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बीअर यांचे.

पट्टीपासून सुरुवात

२४ नोव्हेंबर १८६१ रोजी हेल्सेन येथे जन्मलेले बीअर कील शहरात फ्रीडरिश फॉन एस्मार्क यांचे सहायक होते. शस्त्रक्रियेपूर्वी रबरी पट्टी घट्ट गुंडाळून हातापायातील रक्त वर ढकलण्याची पद्धत एस्मार्क यांनी रूढ केली होती. पट्टी सोडताच पांढराफटक पडलेला हात लाल आणि गरम होतो. असे का होते, याचा बीअर यांनी बारकाईने अभ्यास केला. १९०३ मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिले.

स्वतःवरच प्रयोग

ऑगस्ट १८९८ मध्ये त्यांनी मणक्यातून कोकेन देऊन शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सहायक हिल्डेब्रांट यांच्यासह एकमेकांवर प्रयोग केला. बीअर यांच्या वेळी सुई-सिरिंज नीट न जुळल्याने मणक्यातील द्रव वाहून गेला आणि ते अनेक दिवस डोकेदुखीने अंथरुणाला खिळले. हिल्डेब्रांट यांचे पाय मात्र पूर्ण बधिर झाले.

रक्ताच्या जागी औषध

१९०८ मध्ये, बर्लिनला प्राध्यापक असताना, त्यांनी हे दोन्ही अनुभव एकत्र आणले. हातातील रक्त पट्टीने बाहेर काढायचे, वर घट्ट आवळायचे आणि रिकाम्या शिरेत प्रोकेन सोडायचे. औषध शिरांमधून मज्जातंतूंपर्यंत झिरपते आणि हात बधिर होतो.

रक्तप्रवाहावर परिणाम काय?

काखेत किंवा मानेजवळ इंजेक्शन देऊन मज्जातंतू बधिर केले, तर रक्तवाहिन्या आवळून धरणारे तंतूही सैल पडतात. रक्तप्रवाह वाढतो, हात उबदार होतो. बीअर ब्लॉकमध्ये उलट घडते. पट्टा फुगलेला असेपर्यंत रक्तप्रवाह बंद असतो. पट्टा सोडला की रक्त जोरात परत येते आणि हात लाल होतो.

धोकाही तिथेच आहे. पट्टा लवकर सुटला, तर औषध एकदम हृदय आणि मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रिया लवकर आटोपली, तरी भूलतज्ज्ञ साधारण २० ते ३० मिनिटे पट्टा सोडत नाहीत.

दाद मिळाली, पण उशिरा

त्या काळी शीर गाठण्यासाठी त्वचेला छेद द्यावा लागे. ही पद्धत मागे पडली. १२ मार्च १९४९ रोजी सावेन येथे बीअर यांचे निधन झाले. १९६३ मध्ये लिग्नोकेन वापरून ती पुन्हा पुढे आली, तेव्हा त्यांना जाऊन १४ वर्षे झाली होती.