सुझान लेंग्लेन : राणी आणि शिक्षिका

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या जिमखान्याने जगातील नामवंत स्त्री-खेळाडूंचे तक्ते मांडले होते. वाटणीत माझ्या वाट्याला सुझान लेंग्लेन हे नाव आले. खरे सांगायचे तर तोवर मी ते ऐकलेही नव्हते. मी खो-खोची खेळाडू. आमच्या गावात टेनिसचे कोर्ट नाही आणि रॅकेट मी कधी हातात धरलेली नाही. तक्त्यावर जन्म, मृत्यू आणि विजेतेपदांची यादी लिहिली व काम उरकले. पण तिच्या आयुष्यातली एक गोष्ट मनात रुतून बसली. त्याचे कारण माझ्याच घरी घडलेला एक लहानसा प्रसंग.

दर रविवारी सकाळी मी गावातल्या दहा-बारा मुलींना खो-खो शिकवते. महिन्याला तीस रुपये फी ठेवली, तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. खेळ ही आवडीची गोष्ट, तिचे पैसे घेणे शोभत नाही, असे त्यांचे मत. मला उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता मी पुन्हा लेंग्लेनकडे वळले.

सुझानचा जन्म 24 मे 1899 रोजी पॅरिसमध्ये झाला. लहानपणी ती अशक्त होती. दम्याचा त्रास होता. मोकळ्या हवेत हिंडावे, अंगात थोडे बळ यावे, एवढ्याच हेतूने वडील शार्ल यांनी 1910 साली तिला एक रॅकेट आणून दिली. मुलीच्या हाताला चेंडूची जाण आहे हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले आणि खेळणे संपून तालीम सुरू झाली. कोर्टावर ठिकठिकाणी रुमाल पसरायचे आणि मुलीने चेंडू नेमका त्या रुमालावर पाडायचा, ही त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. नेम साधला की रुमालाची घडी आणखी लहान होई. चूक झाली की आईवडील दोघेही बोल लावीत. या शिस्तीतून तिचा अचूकपणा घडला. पण दर सामन्याआधी तिला ग्रासणारी अस्वस्थताही मला वाटते इथूनच आली. एकाच हाताने दोन्ही दिले.

1914 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथे तिने जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद मिळवले. लगेच महायुद्ध पेटले आणि ऐन उमेदीची चार-पाच वर्षे स्पर्धांविना गेली. 1919 साली विम्बल्डन पुन्हा भरले, तेव्हा वीस वर्षांची सुझान हिरवळीवर पहिल्यांदाच मोठी स्पर्धा खेळत होती. अंतिम सामन्यात तिच्यासमोर होत्या सात वेळा विजेत्या ठरलेल्या, चाळिशीच्या डॉरोथिया लँबर्ट चेंबर्स. प्रेक्षकांत राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी. एकीच्या अंगात घोट्यापर्यंतचा जुना पोशाख. दुसरीच्या अंगात उघड्या हातांचा, पोटरीपर्यंतचा हलका झगा. सामना जणू दोन युगांतला होता. सुझान दमू लागली की वडील प्रेक्षकांतून ब्रँडीत भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे टाकीत. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्सबाईंना विजयासाठी एकच गुण हवा होता, आणि अशी संधी त्यांना दोनदा मिळाली. दोन्ही वेळा सुझान निसटली. अखेर 10-8, 4-6, 9-7 असा तिने सामना जिंकला.

पुढची सात वर्षे तिचीच होती. विम्बल्डनचे एकेरीचे अजिंक्यपद तिने सहा वेळा मिळवले. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्णपदक जिंकताना तिने संपूर्ण स्पर्धेत अवघे चार गेम गमावले. या काळात एकेरीत तिचा पराभव एकदाच झाला. 1921 साली अमेरिकेत, प्रकृती बिघडलेली असताना, मोला मॅलरीविरुद्धचा सामना तिने अर्ध्यावर सोडला. तिथल्या लोकांनी तिची हेटाळणी केली. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने मॅलरीबाईंना 6-2, 6-0 असे हरवले.

वाचकहो, आता मुख्य मुद्द्याकडे येते. त्या काळी मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. खेळाचे उघड मानधन घेणारा धंदेवाईक ठरे आणि त्याला ही दारे बंद होत. धंदेवाईक या शब्दालाच एक काळी छटा होती. परंतु प्रेक्षक तर तिकीट काढूनच येत! फेब्रुवारी 1926 मध्ये कान येथे सुझान आणि अमेरिकेची तरुण खेळाडू हेलन विल्स यांचा सामना झाला. तिकिटांना अफाट किंमत आली. ज्यांना जागा मिळाली नाही ते आसपासच्या छपरांवर आणि झाडांवर चढले. सुझानने 6-3, 8-6 असा विजय मिळवला. जिच्या नावावर ही गर्दी लोटली, तिला नियमाने त्या उत्पन्नातला एक पैसाही मागण्याचा हक्क नव्हता. शिवाय हौशी राहणे परवडते कोणाला? ज्याच्या घरी आधीच सुबत्ता आहे त्याला. लेंग्लेन कुटुंब गरीब नव्हते, पण ज्यांच्याबरोबर तिचे उठणे-बसणे होते त्या धनिकांइतके श्रीमंतही नव्हते.

त्याच वर्षी विम्बल्डनला अघटित घडले. सामन्याच्या वेळेविषयी घोटाळा झाला. सुझान पोचली तेव्हा राणी मेरी तिची वाट पाहून राहिल्या होत्या. राणीसाहेबांचा अवमान झाला अशी वर्तमानपत्रांनी ओरड केली, आणि इतकी वर्षे डोक्यावर घेणारे प्रेक्षक फिरले. सुझानने स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेतील आयोजक चार्ल्स पाइल यांच्याशी तिने 50,000 डॉलरचा करार केला. 9 ऑक्टोबर 1926 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे 13,000 प्रेक्षकांसमोर ती प्रथमच उघडपणे पैसे घेऊन खेळली. शहराशहरांतून दौरा झाला. मेरी ब्राउनविरुद्धचा प्रत्येक सामना तिने जिंकला.

याची किंमतही तिला मोजावी लागली. विम्बल्डनसह सर्व मोठ्या स्पर्धांची दारे तिला कायमची मिटली. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते : इतकी वर्षे माझ्या खेळावर इतरांनी कमावले, आता माझ्या श्रमाचे मोल मला मिळाले तर त्यात गैर काय? हा प्रश्न आज साधा वाटतो. विम्बल्डनने धंदेवाईक खेळाडूंना प्रवेश दिला तो 1968 साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनंतर. आणि तोवर सुझानला जाऊन तीस वर्षे झाली होती.

दौरे संपल्यावर काय? स्त्रियांसाठी धंदेवाईक स्पर्धा जवळजवळ नव्हत्याच. 1929 साली वडील वारले. काही दिवस तिने कपड्यांच्या व्यवसायात काम केले. अखेर तिने पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली. पुढे फ्रेंच टेनिस महासंघानेही त्या शाळेला मान्यता दिली. 1937 साली नृत्य आणि अंगचलन शिकवणाऱ्या मार्गारेट मॉरिस यांच्यासह तिने साध्या व्यायामांतून टेनिस शिकवणारे पुस्तक लिहिले. मला या शेवटच्या पर्वाचे फार अप्रूप वाटते. जिचा खेळ लोक नृत्यासारखा म्हणून पाहत, तिने तो खेळ साध्या हालचालींत उलगडून नवशिक्यांपुढे ठेवला. बोल खात शिकलेली मुलगी शिकवायला उभी राहिली, तेव्हा तिने सुरुवात सोप्यापासून केली.

ही शिकवणी तिला फार काळ करता आली नाही. रक्तक्षयाच्या विकाराने 4 जुलै 1938 रोजी पॅरिसमध्ये तिचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. दोनच दिवसांपूर्वी हेलन विल्सने आठव्यांदा विम्बल्डन जिंकले होते. आज पॅरिसच्या रोलाँ गारोस येथील एका मोठ्या कोर्टाला आणि तिथल्या स्त्री विजेतीला मिळणाऱ्या चषकाला सुझानचे नाव आहे. जिला स्पर्धेबाहेर ठेवले, तिचेच नाव कोरलेला चषक आजच्या धंदेवाईक खेळाडू अभिमानाने उंचावतात.

हे सारे वाचल्यावर मी त्या वडीलधाऱ्यांशी पुन्हा बोलले. पहाटे उठून मैदान आखणे, मुलींना पळवणे, पडल्या तर मलमपट्टी करणे हे श्रमच आहेत, आणि श्रमाचे मोल घेतल्याने आवड बाटत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले असे मी म्हणणार नाही. फी मात्र चालू आहे. ज्या दोघींच्या घरी ते जमत नाही त्या तशाच येतात. आणि हल्ली एखादीची खो द्यायला चूक झाली, तर ओरडण्याआधी मला ते लहान लहान होत गेलेले रुमाल आठवतात.