सुरतेच्या बाळंतिणींची डॉक्टर : रखमाबाई राऊत

डॉ. रखमाबाई राऊत यांचे नाव निघाले की मुंबई हायकोर्टातला तो गाजलेला खटला आठवतो. खटला चार वर्षे चालला. त्यानंतर रखमाबाईंनी जवळजवळ पस्तीस वर्षे स्त्रियांची आणि बाळंतिणींची सेवा केली, आणि तीही आपल्या गुजरातेत, आधी सुरतेला व नंतर राजकोटला. वडोदऱ्याहून सुरत गाडीने दोन तासांवर. तरीही आपल्या मंडळींपैकी अनेकांना हा भाग ठाऊक नसतो, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत, सुतार समाजात झाला. त्यांच्या आई जयंतीबाई यांचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. सुतार समाजात पुनर्विवाहाची मुभा होती. त्याप्रमाणे जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. ते मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. अशा माणसाच्या घरात रखमाबाई वाढल्या.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या आणि शिकत राहिल्या. पत्नीने नांदायला यावे म्हणून दादाजींनी 1884 मध्ये दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. वर्तमानपत्रांत रणे माजली, टिळकांच्या ‘केसरी’नेही त्यांना विरोध केला. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या. या खटल्याने उठलेल्या चर्चेनंतर 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारावर गेले.

पुढे काय, हा प्रश्न होता. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला. वर्गणी जमली आणि 1889 मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. ब्रुसेल्सची एम. डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या आणि 1895 पासून सुरतेच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलचा कारभार पाहू लागल्या.

त्या काळी बाळंतपण घरातच, अंधाऱ्या खोलीत होई. सुईणीच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव असे, पण हात साबणाने धुवावेत, नाळ उकळलेल्या पात्याने कापावी, हे तिला कोणी शिकवलेले नसे. त्यामुळे बाळाला धनुर्वात आणि आईला सूतिकाज्वर होण्याची भीती कायम. पहिलटकरीण बारा-तेरा वर्षांची असली की धोका आणखी वाढे. आपल्या वडोदरा संस्थानात सयाजीराव महाराजांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा 1904 मध्ये केला, तेव्हा शेजारच्या सुरतेत रखमाबाई अशाच कोवळ्या मुलींची बाळंतपणे करीत होत्या.

हॉस्पिटल होते, डॉक्टरीणबाई होत्या, पण बायका यायला धजत नव्हत्या. परका स्पर्श, सोवळेओवळे, आणि तिथे गेलेला माणूस परत येत नाही ही समजूत. एक गोष्ट सांगितली जाते, की रखमाबाईंनी एक गाभण शेळी हॉस्पिटलमध्ये आणून तिचे बाळंतपण केले. शेळी आणि करडू सुखरूप पाहून बायकांची भीड चेपली. मग त्या हळूहळू येऊ लागल्या.

आम्ही उमेदीची सारी वर्षे बँकेत काढली. पहिली ठेव ठेवायला आलेला शेतकरी व्याजाच्या दराआधी काउंटरपलीकडच्या माणसाचा चेहरा वाचतो, हे आम्ही रोज पाहिले आहे. रखमाबाईंनी सुरतेत हाच भरवसा शून्यातून उभा केला. प्लेगच्या साथीतही त्या कामावर राहिल्या आणि सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पुढे 1918 च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. निवृत्तीनंतर त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिकाही लिहिली. 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज चित्र पालटले आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली शंभरातली जवळजवळ 89 बाळंतपणे दवाखान्यात होतात. शेळी आणण्याची गरज उरली नाही. पण त्याच पाहणीत खाजगी दवाखान्यांतली जवळपास निम्मी बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसतात. कळांचे आठ-दहा तास बाईच्या उशाशी बसून तिला धीर देणारे, नाडी पाहणारे आणि वेळ आली की डॉक्टरांना हाक मारणारे माणूस कमी पडते. म्हणून केंद्र सरकारने 2018 मध्ये परिचारिकांना सुईणपणाचे खास प्रशिक्षण देण्याचे धोरण आखले. अंधाऱ्या खोलीतली सुईण आता शिकून, स्वच्छ हातांनी परत यावी, असा त्याचा अर्थ.

आपल्या घरात सून किंवा लेक बाळंतपणाला असेल, तर दवाखान्याच्या खोलीचे भाडे विचारताना एवढेही विचारावे : कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ प्रशिक्षित कोण असेल, आणि सिझेरियन सुचवले तर त्याचे कारण नीट समजावून सांगाल ना? डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्याचा यात हेतू नाही. विश्वास दोन्ही बाजूंनी सांभाळावा लागतो, आणि सुरतेच्या बायकांचा तो मिळवायला रखमाबाईंसारख्या डॉक्टरांनाही वेळ द्यावा लागला होता.