ज्यूल रिमे : वर्ल्डकप सुरू करणारा किराणा दुकानदाराचा मुलगा



फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला की वर्गात मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो. मागे एकदा मधल्या सुट्टीत अशीच चर्चा रंगली होती आणि एका मुलाने मला विचारले, की ही स्पर्धा सुरू कोणी केली? मला उत्तर येत नव्हते. उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली आणि घरी जाऊन वाचायला बसले. वाचता वाचता ज्या माणसाची ओळख झाली, त्याच्यावर आजचा हा पाठ आहे. तुमच्याही वर्गात सांगता येईल.

त्याचे नाव ज्यूल रिमे. स्पेलिंग पाहून आपण 'ज्युल्स रिमेट' असे वाचतो, पण फ्रेंच भाषेत शेवटचा 'ट' उच्चारत नाहीत. त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १८७३ रोजी पूर्व फ्रान्समधील थ्यूले नावाच्या लहानशा खेड्यात झाला. वडिलांचा किराणा मालाचा धंदा होता. गावात भागेना म्हणून कुटुंब पॅरिसला आले, तेव्हा ज्यूल अकरा वर्षांचा होता. दुकानात हातभार लावायचा आणि अभ्यास करायचा, असे त्याचे दिवस गेले. पुढे तो कायदा शिकला आणि वकील झाला.

आता गंमत अशी, की हा माणूस स्वतः काही मोठा फुटबॉलपटू नव्हता. त्याला वेगळ्याच गोष्टीने खेळाकडे ओढले. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांची स्थिती आणि त्यांचे हक्क यांविषयी एक मोठे पत्र प्रसिद्ध केले होते. रिमे धार्मिक वृत्तीचा होता आणि त्या पत्राचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. त्या काळी फ्रान्समध्ये क्रीडामंडळे म्हणजे पैसेवाल्यांचा प्रांत. ज्याला पोटासाठी काम करायचे नाही, त्यानेच हौसेने खेळावे असा समज. रिमेने १८९७ मध्ये मित्रांबरोबर पॅरिसमध्ये 'रेड स्टार' नावाचा क्लब काढला. त्याचा नियम साधा होता. कोण कोणत्या घरातला आहे हे विचारायचे नाही, ज्याला खेळायचे आहे त्याने यावे. हा क्लब आजही आहे.

१९०४ मध्ये पॅरिसमध्येच सात देशांनी मिळून 'फिफा' ही जागतिक संघटना स्थापन केली. फ्रान्स, बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्पेन, स्वीडन आणि स्वित्झर्लंड हे ते सात देश. इंग्लंड त्यात सुरुवातीला नव्हते, कारण खेळ आमचा, तुम्ही कोण आम्हाला शिकवणार, असा त्यांचा तोरा. जगाची स्पर्धा भरवायची कल्पना तेव्हापासूनच बोलली जात होती, पण कागदावरच राहिली. आणि मग पहिले महायुद्ध आले.

रिमे तेव्हा चाळिशीत होता, तरी युद्धावर गेला. त्याला शौर्यपदकही मिळाले. त्या युद्धात फ्रान्सची जवळजवळ एक पिढी कापली गेली. हे सगळे जवळून पाहून आलेला माणूस १९१९ मध्ये फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला आणि १९२१ मध्ये फिफाचा. त्याची श्रद्धा अशी होती, की निरनिराळ्या देशांची तरुण पोरे एकमेकांविरुद्ध मैदानावर उतरली तर त्यांना रणांगणावर उतरायची इच्छा कमी होईल. भाबडेपणा वाटतो ना? मलाही वाटला. पुढे काय काय घडले ते पाहिल्यावर तर जास्तच वाटतो. पण या भाबडेपणाला चिवटपणाची जोड होती, म्हणून काम झाले.

इथे एक मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण वर्ल्डकपचे मूळ त्यात आहे. तेव्हा फुटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे ऑलिंपिक. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उरुग्वे नावाचा देश आला. युरोपातल्या बहुतेकांना तो नकाशात कुठे आहे हेही ठाऊक नसावे. त्यांच्यात आंद्रादे नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता, त्याचा खेळ बघून पॅरिस थक्क झाले. उरुग्वेने अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला ३-० असे हरवले. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये पुन्हा तेच सुवर्णपदक घेऊन गेले. मात्र ऑलिंपिकचा नियम होता, की खेळाडू पूर्ण हौशी हवा, खेळाचे पैसे घेतलेला नको. ऐकायला हे उदात्त वाटते. पण गिरणीत किंवा कारखान्यात काम करणारा माणूस महिनाभर खेळायला गेला तर त्याची मजुरी बुडणार, मग घरी चूल कशी पेटायची? फिफाने म्हटले, की बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला हरकत नाही. ऑलिंपिकवाल्यांना ते पटेना. इंग्लंडसह ब्रिटनमधील चारही संघटना तर याच वादावरून १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या.

हे वाचताना मला आपल्या शाळांची आठवण झाली. तालुकास्तरावर निवड झालेला मुलगा ऐनवेळी येत नाही आणि चौकशी केली की कळते, घरच्यांबरोबर कामावर गेला. खेळ फुकट असतो, पण खेळायला लागणारा दिवस फुकट नसतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. रिमेला ते कळले होते, कारण तो दुकानाच्या गल्ल्यामागे वाढलेला होता.

शेवटी २६ मे १९२८ रोजी ॲमस्टरडॅमच्या बैठकीत ठरले, की फिफाने स्वतःची जागतिक स्पर्धा भरवायची आणि तीत सर्वांना खेळू द्यायचे, हौशी असो वा व्यावसायिक. यात रिमेचा सहकारी आंरी दलोने याचाही मोठा वाटा होता. पुढच्या वर्षी बार्सिलोनात यजमान ठरला, तो म्हणजे उरुग्वे. १९३० मध्ये त्यांच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षे होत होती. त्यांनी नवे स्टेडियम बांधायचे कबूल केले, शिवाय येणाऱ्या संघांचा प्रवास आणि राहण्याचा खर्चही आम्ही करू म्हणाले.

एवढे असूनही युरोपातून कोणी जायला तयार होईना! विमानप्रवास नव्हता. बोटीने जायला दोन आठवडे, यायला दोन आठवडे आणि मधे स्पर्धा. क्लब आपले खेळाडू सोडेनात, मालक रजा देईनात. इटली, स्पेन, जर्मनी, सगळे नाही म्हणाले. मुदत संपत आली तरी युरोपचे एकही नाव नाही. जागतिक स्पर्धा सुरू होण्याआधीच हसे व्हायची वेळ आली. रिमेने मग दारोदार फिरावे तसे देश गाठले, समजूत घातली आणि कसेबसे चार संघ जमवले. स्वतःचा फ्रान्स, शेजारचा बेल्जियम, रोमानिया आणि युगोस्लाव्हिया. रोमानियात तर राजा कॅरोल दुसरा याने खेळाडूंना रजा मिळावी म्हणून स्वतः लक्ष घातले. फ्रान्सच्या संघालाही रजेची अडचण आलीच, त्यांचे मुख्य निवडकर्तेच नोकरीमुळे जाऊ शकले नाहीत.

२१ जून १९३० रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील व्हिलफ्रांश बंदरातून रिमे 'कोंते व्हेर्दे' या बोटीत चढला. रोमानियाचा संघ जेनोवाहून आधीच बोटीत होता, फ्रान्सचा संघ रिमेबरोबर चढला आणि बेल्जियमचा पुढे बार्सिलोनाला. वाटेत रिओ दि जानेरोला ब्राझीलचाही संघ चढला. युगोस्लाव्हिया दुसऱ्या बोटीने गेला. आणि जगज्जेत्याला द्यायचा कप? तो रिमेच्या सामानाच्या पिशवीत! आबेल लाफ्लर नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने तो घडवला होता. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, पंख असलेली विजयदेवता आणि खाली निळ्या लाजवर्दी दगडाची बैठक. उंची साधारण ३५ सेंटिमीटर. आजचा बंदोबस्त आठवा आणि ही पिशवी डोळ्यांसमोर आणा. मुलांना हा प्रसंग फार आवडतो. खेळाडू बोटीच्या डेकवर पळायचे, व्यायाम करायचे. वर्गात जगाचा नकाशा असेल तर हा मार्ग बोटाने काढून दाखवा, भूगोलही होऊन जातो.

४ जुलैला बोट माँटेव्हिडिओला पोहोचली. आपल्याकडे जुलै म्हणजे पावसाळा, तिकडे भर हिवाळा. नवे 'सेंतेनारिओ' स्टेडियम अजून तयार नव्हते, म्हणून सुरुवातीचे सामने लहान मैदानांवर घेतले. १३ जुलै १९३० रोजी फ्रान्सने मेक्सिकोला ४-१ ने हरवले आणि त्यात लुसियाँ लोराँ याने १९ व्या मिनिटाला वर्ल्डकपच्या इतिहासातला पहिला गोल केला. हा लोराँ प्यूजो मोटार कंपनीत नोकरीला होता. म्हणजे ज्या मुद्द्यावरून ऑलिंपिकशी वाद झाला, तसाच नोकरदार खेळाडू पहिल्या गोलचा मानकरी ठरला.

एकूण १३ संघ, १८ सामने. फ्रान्स-अर्जेंटिना सामन्यात पंचांनी सहा मिनिटे आधीच शिट्टी वाजवली, मग आरडाओरडा झाल्यावर खेळाडूंना परत बोलावून उरलेली मिनिटे खेळवली. अंतिम सामना ३० जुलैला, उरुग्वे विरुद्ध अर्जेंटिना. शेजारी देश, त्यामुळे वातावरण इतके तापलेले की प्रेक्षकांची झडती घेऊन आत सोडत होते. चेंडू कोणाचा वापरायचा यावरूनही भांडण. शेवटी पहिल्या डावात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्या डावात उरुग्वेचा चेंडू, असा तोडगा निघाला. पहिला डाव संपला तेव्हा अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. सामना संपला तेव्हा उरुग्वे ४-२ ने जिंकला होता! शेवटचा गोल एक्तोर कास्त्रोचा, ज्याचा एक हात लहानपणी यंत्राच्या करवतीत गेला होता. उरुग्वेत दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी दिली. तिकडे ब्यूनस आयर्समध्ये संतापलेल्या जमावाने उरुग्वेच्या वकिलातीवर दगड फेकले. खेळाने देश जवळ येतील म्हणणाऱ्या रिमेच्या पदरात पहिल्याच स्पर्धेने दोन्ही गोष्टी टाकल्या.

यापुढचा भाग मला सांगायला अवघड जातो, पण गाळू नये. १९३४ ची स्पर्धा इटलीत झाली. तिथे मुसोलिनीची सत्ता होती आणि त्याने स्पर्धेचा पुरेपूर प्रचार करून घेतला. रिमेच्या कपापेक्षा कितीतरी मोठा स्वतःच्या नावाचा वेगळा चषकही ठेवला. इटली जिंकला. रिमे तिथे होता, मान्यवरांच्या रांगेत बसला होता. १९३८ ला स्पर्धा फ्रान्समध्ये, त्याच्या घरी आली, पण उरुग्वे आणि अर्जेंटिना आले नाहीत आणि ऑस्ट्रिया तर देश म्हणूनच उरला नव्हता, हिटलरने तो मार्चमध्ये गिळला होता. इटलीचा संघ फ्रान्सविरुद्ध काळे शर्ट घालून उतरला आणि पुन्हा जिंकला. रिमेने यात हुकूमशहांना जागा करून दिली, अशी टीका होते आणि मला ती चुकीची वाटत नाही. स्पर्धा टिकली पाहिजे या ध्यासात त्याने नको तिथे डोळेझाक केली.

पुढच्या वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४२ आणि १९४६ च्या स्पर्धा झाल्याच नाहीत. कप इटलीत होता. तिथले फुटबॉल पदाधिकारी ओत्तोरिनो बारासी यांनी तो जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवून ठेवला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत त्या कपाला 'ज्यूल रिमे कप' हे नाव दिले. ब्रिटिश संघटनाही त्याच वर्षी परत आल्या.

१९५० च्या ब्राझील स्पर्धेशी आपला संबंध आहे. भारत १९४८ मध्ये फिफाचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या अनवाणी खेळाडूंनी फ्रान्सला झुंजवले, २-१ असा निसटता पराभव झाला. १९५० च्या वर्ल्डकपमध्ये इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात भारताचे नाव होते, पण आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून गेलो नाही, असे आपण मुलांना सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. त्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी नंतर स्पष्ट केले, की संघटनेला ऑलिंपिकपुढे वर्ल्डकपचे महत्त्वच वाटले नव्हते. लांबचा प्रवास आणि खर्च हेही होतेच. म्हणून पुढच्या वेळी ही गोष्ट सांगताना दुरुस्त करून सांगूया.

त्याच स्पर्धेत १६ जुलैला माराकाना स्टेडियमवर सुमारे दोन लाख माणसे जमली होती. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. ७६ वर्षांच्या रिमेने यजमानांच्या अभिनंदनाचे भाषण पोर्तुगीज भाषेत तयार ठेवले होते. १-१ असा गुणफलक असताना तो बक्षीस समारंभासाठी जिना उतरून खाली निघाला. मैदानाच्या तोंडाशी पोहोचतो तो सगळीकडे सन्नाटा. मधल्या काळात उरुग्वेच्या घिग्गियाने गोल केला होता आणि ब्राझील हरला होता. ना मानवंदना, ना भाषण. त्या गोंधळात रिमेने उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला याला शोधून कप त्याच्या हातात कसाबसा दिला.

१९५४ मध्ये, ३३ वर्षांनंतर, तो अध्यक्षपदावरून उतरला. इतका काळ फिफाचे अध्यक्षपद दुसऱ्या कोणी सांभाळलेले नाही. आला तेव्हा सदस्य देश वीसच्या आसपास होते, गेला तेव्हा ८५. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे त्याने जर्मनीचा कर्णधार फ्रिट्झ वाल्टर याच्या हाती कप दिला. दोन महायुद्धांत फ्रान्सचा शत्रू असलेला देश आणि पहिल्या युद्धात त्याच देशाशी लढलेला फ्रेंच म्हातारा, असे ते दृश्य होते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, ८३ वा वाढदिवस झाल्यावर लगेच पॅरिसजवळच्या स्युरेन येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षी शांततेच्या नोबेलसाठी त्याचे नाव सुचवले गेले होते.

कपाचे काय झाले, हा प्रश्न मुले हमखास विचारतात, तेव्हा तेही सांगून ठेवते. १९६६ ला लंडनमध्ये तो चोरीला गेला आणि पिकल्स नावाच्या कुत्र्याने शोधून काढला. १९७० ला तिसऱ्यांदा जिंकल्यामुळे ब्राझीलला तो कायमचा मिळाला. पण डिसेंबर १९८३ मध्ये रिओमधून पुन्हा चोरीला गेला, तो आजवर सापडलेला नाही. पन्नासच्या दशकात त्याची मूळ बैठक बदलून उंच बैठक लावली होती. ती जुनी, निळ्या दगडाची बैठक तेवढी झुरिकमध्ये फिफाकडे आहे. तिच्यावर पहिल्या चार स्पर्धांच्या विजेत्यांची नावे आहेत : उरुग्वे, इटली, इटली, उरुग्वे.