दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (इ.स. १८९६ – इ.स. १९९०) हे मराठी कवी, कलावस्तूंचे संग्राहक आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले. लाकूड, हस्तिदंत, पितळ, तांबे, लोखंड, दगड आणि माती यांपासून घडवलेल्या नित्योपयोगी कलावस्तू त्यांनी इ.स. १९२० च्या सुमारापासून भारतभर हिंडून जमवल्या. स्वतःच्या उत्पन्नातून उभा केलेला हा संग्रह त्यांनी इ.स. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अकाली निधन पावलेला त्यांचा एकुलता एक मुलगा राजा याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव देण्यात आले आहे. केळकर यांना पद्मश्री हा नागरी सन्मान मिळाला होता.

जीवन व काव्यलेखन

केळकर यांचे आयुष्य प्रामुख्याने पुण्यात गेले. चष्म्यांचा व्यवसाय हे त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. तरुणपणी ते कवितेकडे वळले. इतिहास हा त्यांच्या आवडीचा विषय होता. जुन्या काळाच्या खुणा शोधण्याच्या ओढीने ते जुनी घराणी, पडके वाडे आणि जुना बाजार यांच्याकडे आकृष्ट झाले. या शोधातूनच वस्तू जमवण्याचा छंद लागला आणि पुढे कवितेपेक्षा संग्राहक म्हणूनच त्यांची ओळख अधिक दृढ झाली.

त्यांच्या पत्नी कमलाबाई केळकर या संग्रहकार्यात प्रारंभापासून सहभागी होत्या. प्रवास, वस्तूंची निवड, त्यांची स्वच्छता व जतन या सर्व कामांत त्यांचा वाटा होता. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मिळकतीतून वस्तूंची खरेदी होत असल्याने घरखर्चाला सतत ओढ बसे. वस्तू विकत घेण्यासाठी कमलाबाईंचे दागिने विकावे लागल्याचे प्रसंगही संग्रहाच्या इतिहासात सांगितले जातात.

संग्रहाची पार्श्वभूमी

केळकर यांनी संग्रहास प्रारंभ केला, त्या काळात महाराष्ट्रातील घरगुती जीवन झपाट्याने बदलत होते. इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर अनेक सरदार व इनामदार घराण्यांची आर्थिक स्थिती खालावली होती. मोठे वाडे राखणे वारसांना परवडेनासे झाले आणि दुरुस्तीअभावी ते कोसळू लागले. वाडा पाडला की त्याचे सागवानी खांब, तुळया आणि दरवाजे लाकडाच्या भावाने विकले जात. त्यांवरील कोरीवकामाला वेगळी किंमत मिळत नसे.

घरातील लहान वस्तूंचीही हीच गत होती. रॉकेलचे कंदील आणि त्यानंतर वीज आल्यावर समया व लामणदिवे देवघरापुरते उरले. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांच्या भांड्यांनी पितळ व तांबे मागे पडले. जुनी भांडी, अडकित्ते, पानदाने आणि कलमदाने मोडीत वजनावर जाऊन वितळवली जात. राजेरजवाड्यांची शस्त्रे, दागिने आणि चित्रे यांना गिऱ्हाईक होते. सामान्य घरातील कोरीव फणीला किंवा खिसणीला मात्र संग्रहयोग्य वस्तू मानण्याची रीत नव्हती. केळकर यांनी नेमक्या या दुर्लक्षित वस्तूंवर लक्ष केंद्रित केले.

त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रासह गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारत अशा अनेक प्रदेशांतून वस्तू मिळवल्या. इ.स. १९६० च्या सुमारास संग्रहात सुमारे १५,००० वस्तू जमा झाल्या होत्या.

पुत्राचे निधन

केळकर दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा याचे बालवयात निधन झाले. या आघातानंतरही दोघांनी संग्रहाचे काम सोडले नाही. पुढे संग्रहाला संस्थेचे रूप देताना त्यांनी तो मुलाच्या स्मृतीस अर्पण केला. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ हा शब्द पदवी म्हणून आलेला नसून ते या मुलाचे नाव आहे. ‘राजा दिनकर केळकर’ हे नाव एखाद्या संस्थानिकाचे असावे, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे.

संग्रहातील कोरीव व अलंकृत वस्तू

संग्रहातील बहुतांश वस्तू १८ व्या आणि १९ व्या शतकांतील आहेत. काही शिल्पे १४ व्या शतकापर्यंत मागे जातात. वस्तूंचे वर्गीकरण मुख्यतः त्यांच्या उपयोगानुसार केलेले आहे.

लाकूडकाम : कोरीव दरवाजे, खिडक्या, खांब, कमानी आणि देवतांच्या मूर्ती हा संग्रहाचा महत्त्वाचा भाग आहे. मराठा काळातील वाड्यांच्या लाकूडकामात सागवानाचा वापर प्रामुख्याने होई. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब, पाकळीदार महिरपी, उलट्या केळफुलाचे लोलक आणि दाराच्या चौकटीवरील गणेशपट्टी ही या कामाची ठळक वैशिष्ट्ये आहेत. खांब किंवा तुळई इमारतीचा भार पेलते. त्यामुळे ताकद कमी होऊ न देता किती खोल कोरायचे, याचा अंदाज सुताराला घ्यावा लागे.

हस्तिदंत : हस्तिदंताचे अलंकार व कोरीव वस्तूही संग्रहात आहेत. हस्तिदंत घट्ट व गुळगुळीत असल्याने त्यावर अतिशय बारीक नक्षी कोरता येते आणि उत्तम झिलई चढते. दिसायला त्याच्याशी साम्य असलेल्या हाडावर मात्र सूक्ष्म छिद्रे व रेघा आढळतात. वन्यजीव संरक्षण अधिनियमात इ.स. १९८६ आणि इ.स. १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांमुळे अनुक्रमे भारतीय आणि आयात केलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. हत्तींच्या रक्षणासाठी ती आवश्यक होती. मात्र त्यामुळे ही कारागिरी आता जुन्या वस्तूंमधूनच अभ्यासता येते.

धातुकाम : दिवे, अडकित्ते आणि वज्री हे संग्रहातील विशेष प्रसिद्ध विभाग होत. लामणदिव्यांच्या साखळ्यांवर व दांड्यांवर हत्ती, मोर, पोपट आणि स्त्रीमूर्ती यांची योजना केलेली दिसते. सुपारी कातरण्याच्या अडकित्त्यांना घोडा, पक्षी आणि स्त्रीपुरुषांची जोडी असे आकार दिलेले आहेत. पायांच्या टाचा घासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पितळी वज्रींवरही प्राणी व पक्षी घडवलेले आहेत. अशा अनेक वस्तू मेणाचा नमुना करून त्याभोवती मातीचा साचा लिंपण्याच्या पद्धतीने ओतल्या जात. मेण वितळून निघून गेल्यावर रिकाम्या जागेत धातूचा रस ओततात. साचा फोडूनच वस्तू बाहेर काढावी लागत असल्याने प्रत्येक वस्तू थोडीफार वेगळी असते.

याखेरीज वाद्ये, गंजिफा, हुक्के, दौती, कुलपे, शस्त्रे, वस्त्रे, पैठणची चित्रकथी शैलीतील चित्रे आणि चामड्याच्या बाहुल्या यांचाही संग्रहात समावेश आहे. कुंकवाचे करंडे, फण्या, दागिन्यांच्या पेट्या आणि स्वयंपाकाची भांडी अशा स्त्रियांच्या वापरातील वस्तूंची संख्या लक्षणीय आहे.

या वस्तू घडवणारे सुतार, तांबट, ओतारी, कासार आणि लोहार यांची नावे बहुतेक वस्तूंवर आढळत नाहीत. निर्मितीचे वर्षही क्वचितच कोरलेले असते. त्यामुळे वस्तूचा काळ व प्रदेश प्रामुख्याने शैली, साहित्य आणि घडणीच्या पद्धतीवरून ठरवावा लागतो.

मस्तानी महाल

पहिल्या बाजीराव पेशव्याने मस्तानीसाठी इ.स. १७३४ मध्ये कोथरूड येथे महाल बांधला होता. कालांतराने तो मोडकळीस आला. केळकर यांनी त्याचे अवशेष मिळवून संग्रहालयात एक स्वतंत्र दालन उभारले. खांब, कमानी आणि छत यांची पुन्हा जुळणी केल्यामुळे पेशवेकालीन दिवाणखान्याच्या रचनेची कल्पना अभ्यासकांना येते. मूळ इमारत तिच्या जागी उरलेली नसल्याने या दालनाला विशेष महत्त्व आहे.

संग्रहालयाची स्थापना व हस्तांतर

इ.स. १९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली. ते पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत आहे. एका कुटुंबाच्या घरातील जागा व उत्पन्न यांच्या बळावर हजारो वस्तूंचे रक्षण दीर्घकाळ करणे शक्य नव्हते. लाकडाला वाळवी व दमट हवेचा धोका असतो, हस्तिदंताला कोरड्या हवेत तडे जातात आणि पितळ काळवंडते. वारसांमध्ये वाटणी होऊन किंवा विक्री होऊन खासगी संग्रह विखुरले जाण्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. केळकर यांनी इ.स. १९७५ मध्ये संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला.

सध्या संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तू प्रदर्शनात मांडलेल्या आहेत. जागेच्या मर्यादेमुळे उर्वरित वस्तू भांडारात ठेवाव्या लागतात.

सन्मान व निधन

पद्मश्रीखेरीज पुणे विद्यापीठाने केळकर यांना सन्माननीय डी.लिट. ही पदवी दिली. त्यामुळे त्यांचा उल्लेख पुढे ‘डॉ. केळकर’ असा होऊ लागला. इ.स. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

महत्त्व

नित्योपयोगी वस्तूंमधील कला गोळा करण्याचे प्रयत्न जगात इतरत्रही झाले. अलास्काच्या बेरिंग समुद्रकिनाऱ्यावरील युपिक लोक वॉलरसचे सुळे, हाडे आणि समुद्रातून वाहत आलेली लाकडे कोरून शिकारीची अवजारे, सुयांच्या डब्या व मुखवटे घडवत. एडवर्ड विल्यम नेल्सन या अमेरिकन निसर्गअभ्यासकाने इ.स. १८७७ ते १८८१ या काळात त्या प्रदेशातून सुमारे १०,००० वस्तू स्मिथसोनियन संस्थेसाठी जमवल्या. नेल्सनच्या मागे राष्ट्रीय संस्था होती आणि त्याने जमवलेल्या वस्तू मूळ प्रदेशापासून दूर वॉशिंग्टनला गेल्या. केळकर यांनी आपल्याच समाजाने टाकून दिलेल्या वस्तू स्वखर्चाने जमवल्या आणि त्या बहुतांशी जिथे वापरल्या गेल्या, त्याच देशात ठेवल्या.

राजवंशांच्या इतिहासाला सामान्य घरांच्या इतिहासाची जोड देणारे साधन म्हणून या संग्रहाचा उपयोग होतो. नाव न कोरता काम करणाऱ्या कारागिरांची निर्मिती त्यामुळे वितळवण्यापासून व जाळण्यापासून वाचली. इतिहास, स्थापत्य, वेशभूषा आणि हस्तकला यांचे विद्यार्थी आजही संदर्भासाठी या संग्रहालयाचा आधार घेतात.